मिरज जंक्शन : तीन मापांच्या रुळांपासून जलदूतापर्यंत

दक्षिण महाराष्ट्रात कृष्णेच्या काठाजवळ वसलेले मिरज हे शहर तंतुवाद्यांसाठी आणि वैद्यकीय सेवेसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते रेल्वेच्या जंक्शनसाठीही प्रसिद्ध आहे. येथून चार दिशांना लोहमार्ग जातात : उत्तरेस पुण्याकडे, पश्चिमेस कोल्हापूरकडे, दक्षिणेस बेळगाव व लोंढ्याकडे आणि ईशान्येस पंढरपूर, कुर्डुवाडी व लातूरकडे. चार मार्ग एकत्र येणारी स्थानके देशात पुष्कळ आहेत. मिरजेचे वैशिष्ट्य वेगळे होते. येथे येणारे मार्ग वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या मालकांनी आणि वेगवेगळ्या हेतूंनी बांधले, आणि त्यामुळे रुळांमधील अंतरही निरनिराळे राहिले. रुंद, मध्यम आणि अरुंद अशी तिन्ही मापे सुमारे दोन तपे एकाच स्थानकात नांदत होती. अशी स्थानके भारतात मोजकीच होती.

रुळांच्या मापाचा हा प्रश्न वरकरणी अभियंत्यांपुरता वाटतो. परंतु शेतमालाला बाजार कोणता मिळावा, वारकऱ्याने किती वेळा गाडी बदलावी, आणि तहानलेल्या शहराला पाणी पोहोचावे की न पोहोचावे, हेही त्यावरच ठरत गेले. मिरजेचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

दुष्काळातून आलेली रेल्वे

१८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळाचा तडाखा मुंबई इलाख्यातील दख्खनच्या जिल्ह्यांना बसला. सोलापूरपर्यंत रेल्वे पोहोचलेली असल्याने तेथे बाहेरून धान्य आणता आले. तिच्या दक्षिणेकडील मुलखात मात्र धान्य वाहून न्यायचे तर बैलगाडीशिवाय साधन नव्हते, आणि बैलांना चारा नव्हता. चारा नसलेल्या मुलखात धान्य नेणारा बैल वाटेतच मरतो, हा त्या दुष्काळाचा कटू अनुभव होता. दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने रेल्वेच्या विस्तारावर जो भर दिला, त्याचे कारण हेच होते. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील मार्गांचे काम आले. खर्च कमी यावा म्हणून या कंपनीचे मार्ग मीटरगेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर ठेवून बांधण्यात आले. १८९० पर्यंत पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा ही सलग वाट खुली झाली. लोंढ्याहून ती गोव्यातील मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या मार्गास मिळाली.

खर्चातील ही काटकसर त्या काळी शहाणपणाची होती, यात शंका नाही. पण तिची किंमत पुढील शंभर वर्षे वेगळ्या प्रकारे मोजावी लागली. मुंबईहून पुण्यास येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग ब्रॉडगेज होता. पुण्यास येणाऱ्या प्रत्येक मालडब्यातील माल तेथे उतरवून दुसऱ्या गाडीत चढवल्याखेरीज तो मिरजेकडे जाऊ शकत नसे.

कोल्हापूर संस्थानाचा फाटा

मुख्य मार्ग कोल्हापूर शहरावरून न जाता मिरजेवरून गेला. कोल्हापूर दरबाराने ही उणीव स्वतःच्या खर्चाने भरून काढली. मिरज ते कोल्हापूर या सुमारे ४८ किलोमीटरच्या मार्गाच्या कामाचा आरंभ १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाला, तेव्हा त्यांच्या हाती राज्यकारभार आलेला नव्हता. १८९१ मध्ये हा मार्ग सुरू झाला. मालकी संस्थानाची व गाड्या चालवणे सदर्न मराठा कंपनीकडे, अशी व्यवस्था होती. राज्यकारभार हाती आल्यावर महाराजांनी या फाट्याचा जो उपयोग करून घेतला, तो विकासाच्या कामात असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा आहे. १८९५ मध्ये कोल्हापूर स्थानकाजवळ शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवण्यात आली आणि तेथे गुळाचा व्यापार स्थिरावला. याच मार्गावर, मिरजेपासून जवळ, महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. रूळ टाकले की व्यापार आपोआप येतो, असा भाबडा समज त्यांनी बाळगला नाही. स्थानकाशेजारी पेठ, पेठेत व्यापाऱ्यांना जागा आणि पेठेपर्यंत शेतकऱ्याची गाडी येईल असा रस्ता, हे सारे मिळून रेल्वेचा लाभ होतो, हे त्यांनी ओळखले होते.

सांगली संस्थानासाठीही १९०७ मध्ये मिरजेहून एक छोटा फाटा काढण्यात आला. मिरज हे स्वतः पटवर्धन घराण्याच्या थोरल्या पातीचे संस्थान होते. एका लहानशा संस्थानाच्या राजधानीत कंपनीचा मार्ग व दोन शेजारी संस्थानांचे फाटे एकत्र आले, आणि जंक्शन घडत गेले. १९०८ मध्ये सदर्न मराठा कंपनी मद्रास रेल्वेशी एकत्र होऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे ही मोठी कंपनी झाली. मिरजेचा संबंध त्यामुळे मद्रासपर्यंत जुळला.

या जोडणीचे परिणाम शहराच्या जीवनात लवकरच दिसू लागले. अमेरिकन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. दूरदूरच्या जिल्ह्यांतील रुग्णांना तेथे येणे रेल्वेमुळेच शक्य झाले. संस्थानी राजधानीचे एक मध्यम आकाराचे गाव वैद्यकीय केंद्र बनले, त्यात शल्यवैद्यांच्या कौशल्याइतकाच स्थानकाचाही वाटा मानला पाहिजे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील माळरानावर आपला कारखाना व वसाहत उभारली. तीही याच पुणे-मिरज मार्गावरील कुंडल रोड स्थानकालगत. पुढे ते स्थानक किर्लोस्करवाडी या नावानेच ओळखले जाऊ लागले. स्वातंत्र्यलढ्यात याच मार्गाला आणखी एक स्थान लाभले. ७ जून १९४३ रोजी सातारा जिल्ह्यातील शेणोली येथे प्रतिसरकारच्या तूफान सेनेने ब्रिटिश सरकारच्या नोकरांचा पगार घेऊन जाणारी गाडी अडवली व तो पैसा चळवळीसाठी नेला.

अडीच फुटी रुळांचा प्रयोग

मिरजेला तिसऱ्या मापाचे रूळ मिळाले ते पूर्वेकडून. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, पण मुंबई-सोलापूर मार्ग तिच्यापासून दूर, कुर्डुवाडीवरून गेला होता. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने कुर्डुवाडी ते बार्शी हलकी रेल्वे बांधण्याची योजना आखली. १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी लंडनमध्ये नोंदवली गेली आणि १८९७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते.

काल्थ्रॉपचा विचार साधा व काटेकोर होता. इंजिन असो वा मालाचा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. भार सर्वत्र सारखा ठेवला म्हणजे हलके रूळ पुरतात, वळणे तीव्र घेता येतात, भराव व पूल यांवरील खर्च घटतो. शिवाय चार आसांचे लांब डबे वापरल्याने अरुंद मार्गावरही बऱ्यापैकी माल जातो. त्या काळच्या हलक्या रेल्वेच्या शास्त्रात बार्शीचा मार्ग हा नमुना ठरला. या अभियंत्याने पुढे हवाई छत्र्यांच्या निर्मितीतही नाव कमावले, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.

हा मार्ग टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १९०६ मध्ये तो पंढरपूरला पोहोचला, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ या अवर्षणप्रवण भागातून मिरजेस येऊन मिळाला. लातूर ते मिरज अशी एकूण सुमारे ३२५ किलोमीटरची ही वाट निजामाच्या राज्यातील कापूस व गळिताच्या धान्याला एकीकडे आणि कृष्णाकाठच्या पेठांना दुसरीकडे जोडणारी होती. आषाढी-कार्तिकीला या छोट्या डब्यांतून, आणि डब्यांच्या टपांवरूनही, पंढरीस जाणारे वारकरी हे दृश्य कित्येक पिढ्यांच्या परिचयाचे होते. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये शासनाने ही कंपनी विकत घेतली व तिचे मार्ग मध्य रेल्वेत समाविष्ट झाले.

अदलाबदलीचे गाव

आता मिरजेत दोन मापे झाली होती : एक मीटर आणि अडीच फूट. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गाचे रूपांतर ब्रॉडगेजमध्ये, म्हणजे १६७६ मिलिमीटर रुंदीच्या मार्गात झाले. मुंबईची गाडी थेट कोल्हापुरात येऊ लागली. दख्खनच्या या भागाला मुंबईची बाजारपेठ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने जवळ आली. महालक्ष्मी एक्सप्रेस हे नाव तेव्हापासून घरोघरी रुळले. परंतु मिरजेच्या दक्षिणेकडचा बेळगावचा मार्ग मीटरगेजच राहिला आणि पंढरपूरचा मार्ग नॅरोगेजच. जी अदलाबदल आजवर पुण्यास होत होती, तिचा मोठा भाग मिरजेस येऊन थांबला.

अदलाबदल म्हणजे नेमके काय, हे आजच्या वाचकास सांगावे लागते. लातूर भागातून अरुंद मार्गाने आलेली धान्याची पोती मिरजेत फलाटावर उतरत. तेथून ती मीटरगेजच्या वा ब्रॉडगेजच्या डब्यात चढत. तीच गोष्ट दक्षिणेकडून येणाऱ्या मालाची. पोते उचलण्याची, थप्पी लावण्याची, पुन्हा उचलण्याची मजुरी पडे. पोती फाटत, माल सांडे, काही गहाळ होई. पुढचे डबे वेळेवर न मिळाल्यास माल फलाटावरच पडून राही, आणि पावसाळ्यात भिजे. केळी, द्राक्षे, भाजीपाला अशा नाशवंत मालाला तर ही वाट परवडण्यासारखीच नव्हती. प्रवाशांचेही तेच. मुंबईहून गोव्यास वा बंगलोरकडे जाणारा प्रवासी मिरजेस उतरे, सामान हमालाच्या डोक्यावर देई आणि मीटरगेजच्या फलाटावर जाऊन दुसऱ्या गाडीत बसे. महाराष्ट्रातील हजारो लोकांच्या मनात मिरजेची आठवण आहे ती या पहाटेच्या गाडीबदलाची.

या गैरसोयीवर पुष्कळांचे पोट चालत होते, ही गोष्ट नाकारता येत नाही. माल चढवणारे हमाल, फेरीवाले, स्थानकाबाहेरचे टांगेवाले, खाणावळी, लॉज, मालाची कागदपत्रे करणारे अडते, असा मोठा वर्ग स्थानकाच्या आसऱ्याने राहत होता. रुळांच्या मापातील फरक हा प्रदेशाला तोट्याचा असला तरी स्थानकाला उत्पन्नाचा होता. मिरजेतील कितीतरी कुटुंबांना रेल्वेच्या नोकरीने स्थैर्य दिले. तिन्ही मापांच्या गाड्यांची देखभाल व ये-जा सांभाळण्यास मनुष्यबळ तितकेच मोठे लागत होते.

एकच माप

१९९० च्या दशकात मिरज-लोंढा मार्ग व त्यापुढील कर्नाटक व गोव्याचे मार्ग ब्रॉडगेज झाले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाल्यावर मुंबई-गोवा प्रवाशांनी जवळची वाट धरली. मिरजेस सक्तीने उतरणारा प्रवासी नाहीसा झाला. शहराच्या दृष्टीने हा एक धक्का होता, आणि तो बोलूनही दाखवला गेला. पण जंक्शनचे मोल प्रवाशाला किती वेळ खोळंबून ठेवले यावरून ठरवणे योग्य होणार नाही. गाडी न बदलता दिल्ली, बंगळूर, तिरुपती, गोवा येथे जाता येऊ लागले, हा लाभ सांगली-कोल्हापूरच्या प्रत्येक तालुक्याला मिळाला.

सर्वांत शेवटी पाळी आली ती बार्शी मार्गाची. कुर्डुवाडी ते पंढरपूर हा भाग २००१-०२ मध्ये ब्रॉडगेज झाला. लातूर ते उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हा भाग सप्टेंबर २००७ मध्ये व तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा भाग ऑक्टोबर २००८ मध्ये खुला झाला. या कामात मार्गाची आखणी बदलून जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण प्रथमच लोहमार्गावर आणण्यात आले. पंढरपूर ते मिरज हा अखेरचा तुकडा २०११ पर्यंत पूर्ण झाला. काल्थ्रॉपची छोटी गाडी इतिहासजमा झाली. वारीच्या जुन्या आठवणींना त्यामुळे हळहळ वाटली असेल, तरी मिरजेतून निघणारा प्रत्येक रूळ आता एकाच मापाचा होता. या एकसारखेपणाचे मोल काय, हे पाच वर्षांनी कळून आले.

जलदूत

२०१५ च्या पावसाळ्याने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. मार्च २०१६ मध्ये परिस्थिती अशी झाली, की पाणी भरण्याच्या जागी जमाव जमून मारामाऱ्या होऊ नयेत यासाठी जिल्हा प्रशासनास फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ अन्वये मनाई आदेश काढावे लागले. जवळपास पाण्याचा भरवशाचा साठा उरला नव्हता. तेव्हा रेल्वेने पाणी आणण्याचा निर्णय झाला, आणि त्यासाठी मिरजेची निवड करण्यात आली.

मिरज का, याचे उत्तर नकाशात आहे. कोयना धरणाचे पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळते व त्यामुळे भर उन्हाळ्यातही कृष्णा मिरजेजवळ वाहती असते. नदी, शुद्धीकरणाची सोय, गाडी उभी करून भरता येईल असे मोठे यार्ड, आणि तेथून लातूरपर्यंत सलग रूळ, या चारही गोष्टी एकत्र असलेले ठिकाण मिरज होते. नदीकाठची गावे पुष्कळ आहेत, पण गाडी भरण्याचे यार्ड सर्वत्र नसते.

राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कारखान्यात तेलाच्या टाकी-वाघिणी वाफेने धुऊन पिण्याच्या पाण्यासाठी योग्य करण्यात आल्या व मिरजेस आणण्यात आल्या. प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी मावत असे. ११ एप्रिल २०१६ रोजी दहा वाघिणी भरून पहिली गाडी निघाली आणि सुमारे ३४२ किलोमीटरची वाट कापून १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोहोचली. या गाडीला 'जलदूत' असे नाव मिळाले.

पहिल्या गाडीत पाणी होते पाच लाख लिटर. लातूरच्या लोकसंख्येने भागले तर माणशी सव्वा लिटरच्या आसपास. एवढ्याने शहराची तहान भागणार नव्हती, हे उघड होते. गाडी त्याहून मोठी का नव्हती? वाघिणी होत्या, इंजिन होते, मार्ग मोकळा होता. अडचण भरण्याची होती. यार्डात पाणी घेण्याची जी जुनी व्यवस्था होती, तिने एका वेळी पन्नास वाघिणी भरणे शक्य नव्हते. म्हणून शुद्धीकरण केंद्रापासून यार्डापर्यंत सुमारे अडीच किलोमीटरची नवी जलवाहिनी टाकण्याचे काम तातडीने हाती घेण्यात आले. त्याच महिन्यात पन्नास वाघिणींची पूर्ण गाडी धावू लागली. एका फेरीत २५ लाख लिटर, म्हणजे माणशी साडेसहा लिटर. पिण्यापुरते आणि स्वयंपाकापुरते पाणी. लातूरला स्थानकाजवळील विहिरीत ते उतरवून पुढे शुद्धीकरणासाठी नेले जाई व टँकरने वाटले जाई.

पावसाळ्यापर्यंत व त्यानंतरही काही काळ ही सेवा चालू राहिली. शंभराहून अधिक फेऱ्या होऊन वीस कोटी लिटरहून अधिक पाणी मिरजेहून लातूरला गेले. त्या वर्षी पावसाने साथ दिली, मांजरा भरली आणि जलदूत थांबला.

येथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. हे पाणी जुन्या बार्शी मार्गावरून न्यावे लागले असते तर? आसामागे पाच टन या नियमाने चार आसांच्या वाघिणीचे पाण्यासह एकूण वजन वीस टनांपुढे जाऊ शकत नव्हते. त्यात पाण्याच्या वाट्याला पंधरा टन धरले, तरी २५ लाख लिटरसाठी सुमारे १६७ वाघिणी लागल्या असत्या, म्हणजे एका दिवसाच्या पाण्यासाठी कित्येक गाड्या. कोट्याच्या टाकी-वाघिणी तर त्या रुळांवर चढल्याच नसत्या. पाणी कुर्डुवाडीला उतरवून पुन्हा भरणे हा उपाय कागदावर सुचेल, पण धान्याच्या पोत्याप्रमाणे पाण्याची थप्पी लावता येत नाही. मिरज-पंढरपूर रूपांतराचे काम आणखी सहा-सात वर्षे रेंगाळले असते तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून थेट गाडी निघू शकली नसती. रेल्वेच्या रूपांतराची कामे मंजूर होताना प्रवासी किती, माल किती, उत्पन्न किती, हे पाहिले जाते. आपत्तीच्या दिवशी हा मार्ग काय कामी येईल, याचा आकडा कोणत्याही प्रस्तावात लिहिता येत नाही.

आणखी एक गोष्ट नजरेआड करता कामा नये. जलदूत ज्या कवठेमहांकाळ व सांगोला तालुक्यांतून धडधडत जात होता, ते स्वतःच दुष्काळी म्हणून नोंदलेले तालुके आहेत. रुळाच्या दोन्ही बाजूंच्या कित्येक वाड्या-वस्त्यांना त्या उन्हाळ्यात टँकरचीच प्रतीक्षा होती. रेल्वे शहराला पाणी देऊ शकते, कारण शहरात ते उतरवून घेण्याची व वाटण्याची व्यवस्था असते. विखुरलेल्या गावांना तिचा उपयोग होत नाही. तेथे म्हैसाळसारख्या उपसा सिंचन योजना, जुन्या तलावांची दुरुस्ती व भूजलाचा जपून वापर, हेच मार्ग उरतात. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे उचललेले पाणी त्याच कृष्णेचे आहे, हे या ठिकाणी लक्षात येते.

कृष्णेचे दुसरे रूपही मिरजेने पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत मिरज-कोल्हापूर रेल्वे वाहतूक बंद ठेवावी लागली. या ४८ किलोमीटरच्या मार्गाला कृष्णा व पंचगंगा या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. पूल उभे असले तरी पाणी धोक्याच्या पातळीला पोहोचताच गाड्या थांबवणे भाग असते. अशा दिवसांत कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाड्यांचा प्रवास मिरजेसच संपतो.

आजचे कार्य

रेल्वे प्रशासनाच्या दृष्टीने मिरज हे सीमेवरचे स्थानक आहे. २००३ मध्ये पुणे विभाग अस्तित्वात आला तेव्हा मिरज मध्य रेल्वेच्या या विभागात आले. पंढरपूरकडील मार्ग याच रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे आहे, तर दक्षिणेकडे थोड्याच अंतरावर नैऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग सुरू होतो. एका गाडीच्या वेळापत्रकात बदल हवा असेल तर दोन-तीन विभागांची संमती लागते. स्थानिक प्रवासी संघटनांच्या मागण्यांचा पाठपुरावा करताना ग्रामपंचायती व नगरपालिकांनी ही विभागणी आधी समजून घेतली, तर निवेदन योग्य कार्यालयात जाईल आणि निष्कारण फिरत राहणार नाही.

मालवाहतुकीत बार्शी मार्गाच्या रूपांतराचे फळ सांगोल्याला विशेष मिळाले. डाळिंबासाठी प्रसिद्ध असलेल्या या तालुक्यातून २०२० मध्ये किसान रेल्वेच्या गाड्या सुटू लागल्या, आणि देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालीमारकडे रवाना झाली. अडीच फुटी रुळांच्या काळात सांगोल्याचे डाळिंब गाडी न बदलता बंगालला जाण्याची कल्पनाही कोणी केली नसती. त्या मार्गावर मिरज वा कुर्डुवाडी येथे टोपल्या उतरवाव्या लागत, आणि फळ तेवढे थांबत नाही.

प्रवासी वाहतुकीत कोल्हापूर-नागपूर एक्सप्रेस मिरज, पंढरपूर, लातूर या वाटेने जाते, आणि पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ यांना एका गाडीने जोडते. १६ सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी या दोन वंदे भारत गाड्याही मिरजेवरून धावू लागल्या. शिक्षण, उपचार व न्यायालयीन कामांसाठी होणारा रोजचा लहान पल्ल्याचा प्रवास मात्र आजही पॅसेंजर गाड्यांवर अवलंबून आहे, आणि जंक्शनचे खरे गिऱ्हाईक तेच आहे. सकाळी मिरजेत येऊन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी करून संध्याकाळी गावी परतणाऱ्या रुग्णाला वेगवान गाडीपेक्षा वेळेवर सुटणारी गाडी अधिक उपयोगाची असते.

मिरज-लातूर मार्गाच्या शेवटच्या टोकाला एक नोंद घेण्याजोगी घटना २३ फेब्रुवारी २०२३ रोजी घडली. औसा रोड ते लातूर रोड या ५२ किलोमीटरच्या भागाचे विद्युतीकरण त्या दिवशी पुरे झाले, आणि त्याबरोबर मध्य रेल्वेचे सर्व ब्रॉडगेज मार्ग विजेच्या तारांखाली आले. एके काळी काल्थ्रॉपचे वाफेचे इंजिन लातूरच्या कापसाच्या गाठी ओढत मिरजेकडे येत असे, त्याच परिसरात संपूर्ण मध्य रेल्वेतील विद्युतीकरणाचे शेवटचे काम झाले. लातूरला आता उन्हाळ्यात पुन्हा पाणी न्यावे लागले, तर गाडी डिझेलची वाट पाहणार नाही. वाघिणी भरण्याची मिरजेची आणि त्या रिकाम्या करण्याची लातूरची व्यवस्था सज्ज असली, म्हणजे झाले.